ऑफिसमधला विचित्र नियम: पाळायचा, विचारायचा की बदलून घ्यायचा?

माझी पहिली नोकरी औषधं बनवणाऱ्या कारखान्यात होती आणि पहिल्याच आठवड्यात मी बोलणी खाल्ली ती एका आकड्यावरून. वजनकाट्यावर १८.८ आलं होतं, मी घाईत १८.३ लिहिलं, चूक लगेच लक्षात आली म्हणून त्याच आकड्यावर पेन गिरवून तो बरोबर करून टाकला. सुपरवायझर ते पान घेऊन आले आणि माझ्यासमोर धरलं. हे काय लिहिलंय? म्हटलं १८.८. आधी काय होतं? म्हटलं १८.३, चुकून पडलं. "हे तू सांगतोयस, कागद कुठे सांगतोय?"

तिथला नियम असा की निळ्या बॉलपेननीच लिहायचं, पेन्सिल नाही, व्हाइटनर तर कंपनीत आणायचाच नाही, आणि चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि का चुकलं ते दोन शब्दांत. मला वाटलं काय हा बावळटपणा, चूक लपवायची सोडून मिरवायची कशाला. दोन महिन्यांनी कुणीतरी जुनी पानं चाळत होतं तेव्हा दिसलं की एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी त्याच काट्याच्या नोंदी रेघ मारून दुरुस्त केल्या होत्या आणि खोडलेला आकडा दर वेळी थोडा कमीच होता. म्हणजे माणसं चुकत नव्हती, काटा स्थिर व्हायला जास्त वेळ घेत होता आणि आम्ही आधीच वाचत होतो. आम्ही सगळ्यांनी व्हाइटनर लावला असता तर हे कधीच कळलं नसतं.

निळ्या पेनचं कारण मात्र वेगळं निघालं. फोटोकॉपी काळी यायची, म्हणून निळं दिसलं की हे ओरिजिनल. आता कलर कॉपी निघते त्यामुळे ते कारण अर्धं मेलंय, पण नियम तसाच आहे. एकाच नियमाच्या दोन तुकड्यांपैकी एक ठणठणीत आणि एक नुसता सवयीनी उभा, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं आणि तेव्हापासून मी कुठलाही नियम अख्खा गिळत नाही आणि अख्खा थुंकतही नाही. तुम्हाला तुमच्या ऑफिसचा एखादा नियम खुपत असेल तर तो कसा तपासायचा ते सांगतो.

आधी नियम नक्की काय आहे ते शोधा

हे ऐकायला फालतू वाटेल पण अर्धी भांडणं इथेच मिटतात. "आपल्याकडे असं चालत नाही" हा नियम नसतो, ती दंतकथा असते. लेखी कुठे आहे ते मागा. स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर, एचआरची पॉलिसी, नोटीस बोर्डवरचा कागद, जुना मेल, काहीही चालेल. मी एका ठिकाणी वर्षभर मोबाईल गेटवर ठेवून आत जायचो आणि कुरकुर करायचो, नंतर कागद वाचला तर त्यात लिहिलं होतं की आत फोटो काढायला बंदी आहे. मोबाईल आणूच नका हे सिक्युरिटीवाल्यांनी स्वतःची डोकेदुखी कमी करायला वाढवलेलं, त्यांचंही चूक नाही म्हणा, कॅमेऱ्यावर कोण लक्ष ठेवत बसणार.

कागद सापडला की त्यावरची तारीख बघा आणि सही कोणाची आहे ते बघा. दहा वर्षं जुना कागद, सही करणारा कधीच सोडून गेलेला, म्हणजे लगेच तो नियम रद्दी असं नाही, पण मधल्या काळात कोणी उघडून बघितला नसेल एवढं कळतं.

हा नियम मोडला तर इजा कोणाला?

माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. नियम मूर्ख दिसतो का हे विचारू नका, कारण सगळ्यात शहाणे नियम बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात मूर्ख दिसतात.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत कापणाऱ्या मशीनवर, काम करताना हातमोजे घालायला बंदी असते. नवीन पोराला हे उलटंच वाटतं, सेफ्टी सेफ्टी म्हणता आणि मोजे काढायला लावता? पण त्या फिरत्या तुकड्याला कापडाचा धागा जरी अडकला तरी मोजा ओढला जातो आणि मोज्याबरोबर हात, माणसाला झटका देऊन सोडवायला वेळच मिळत नाही. उघडा हात खरचटेल, फार तर कापेल. मोज्यातला हात आत जाईल. अंगठी, गळ्यातली चेन, लांब बाही, सगळ्याला हेच लागू. पदार्थ बनवणाऱ्या फॅक्टरीत बोट कापलं तर भडक निळं बँडेज लावतात, कारण निळ्या रंगाचं खाणं जवळजवळ नसतंच, पडलं तर लगेच दिसतं. आणि बऱ्याचदा त्या पट्टीत धातूची पातळ पट्टी घातलेली असते, का तर शेवटी मेटल डिटेक्टरमध्ये सापडावी. रंग पोरकट आहे म्हणून हसणारे मी पाहिलेत, पट्टी हरवल्यावर अख्खा लॉट तपासायला बसलेलेही पाहिलेत.

विमानात दहा हजार फुटांच्या खाली असताना पायलटनी कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा नियम आहे. ऐकायला शाळेतल्या हेडमास्तरांचा वाटतो. अमेरिकेत १९७४ साली शार्लटला उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान पडलं, सत्तरहून जास्त माणसं गेली, आणि कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये खाली येता येता दोघांच्या गप्पा चालू होत्या, राजकारण, जुन्या गाड्या वगैरे. उंचीकडे लक्ष नव्हतं. असेच आणखी काही प्रकार झाले आणि १९८१ मध्ये तिथल्या एफएएनी, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानी, नियमच करून टाकला. असे नियम कोणीतरी गेल्यानंतर लिहिले जातात म्हणून त्यांच्याशी चेष्टा करू नये, एवढंच.

आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे जपानी रेल्वेचा. ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्यानी म्हणतो, सिग्नल हिरवा. डब्यात दुसरं कोणी नसलं तरी. स्पीडोमीटरकडे बोट, वेळापत्रकाकडे बोट, माणूस स्वतःशीच बडबडतोय असं दिसतं. तिथल्या रेल्वे टेक्निकल रिसर्च इन्स्टिट्यूटनी १९९४ मध्ये साध्या कामावर प्रयोग केला, नुसतं काम केलं तर १०० कृतींमागे २.३८ चुका आणि बोट दाखवून बोललं तर ०.३८. डोळे बघतात पण डोकं दुसरीकडे असतं, बोट आणि तोंड कामाला लावलं की डोक्याला यावंच लागतं. मी हे घरातून निघताना कुलूप लावल्यावर करतो, लोक हसतात, हसू दे.

इजा रक्ताचीच असते असं नाही, पैशाचीही असते. बऱ्याच बँकांमध्ये पैशाला हात लावणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सलग सुट्टी घ्यायलाच लागते, नको असली तरी, आणि त्या काळात त्यानी लॉगिनही करायचं नाही. माझ्या ओळखीतला एकजण चिडायचा, माझी रजा मी कधी घ्यायची ते हे ठरवणार! कारण साधं आहे, हिशोबातला घोटाळा रोज झाकावा लागतो, आज इकडचं तिकडे, उद्या तिकडचं इकडे. झाकणारा दहा दिवस नसला आणि त्याच्या खुर्चीत दुसरा बसला की आपोआप उघडा पडतो. २००८ मध्ये फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेत एका ट्रेडरच्या व्यवहारांतून ४९० कोटी युरोचा खड्डा निघाला, तो गडी आधीच्या वर्षात सुट्टी जवळजवळ घेतच नव्हता. कधीच सुट्टी न घेणारा माणूस म्हणजे मेहनती, हे समीकरण तेव्हापासून मी सोडून दिलंय.

तर तुमच्या नियमासाठी हे वाक्य पूर्ण करा: "हा नियम मी मोडला तर ____ ला ____ होईल." रिकाम्या जागेत हाड, आग, चोरी, पेशंट, ग्राहकाची माहिती असलं काही आलं तर गप पाळा आणि कारण नंतर विचारा. "साहेबांना आवडणार नाही" एवढंच आलं तर पुढे वाचा.

कारण अजून जिवंत आहे का

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात कॅपिटल, आकडा, चिन्ह सगळं पाहिजे. हा नियम सगळ्यांनी भोगलाय. ही सगळी कटकट पसरली त्यामागे २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीनी (तांत्रिक मानकं ठरवणारी सरकारी संस्था) काढलेल्या सूचनांचा मोठा हात होता, आणि त्या लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातलं बरंचसं लिहिल्याचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनी नवीन सूचना काढल्या, उगाच ठराविक मुदतीनी पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. कारण माणूस काय करतो? शेवटचा १ काढून २ करतो, आणि कळफलकाखाली चिठ्ठी चिकटवतो. म्हणजे नियम करणाऱ्यानी कान पकडले तरी तुमच्या आयटीवाल्याकडे तो अजून जोरात चालू असेल. इथे भांडायला हरकत नाही, तुमच्या बाजूनी कागद आहे.

पेट्रोल पंपावर मोबाईल नको, हाही बघण्यासारखा. पंपांवरच्या आगींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटला फोनमुळे लागली असं सिद्ध झालेली एकही आग सापडली नाही, स्वतःच पेट्रोल भरताना माणूस मध्येच परत गाडीत बसतो, सीटला अंग घासून अंगात स्टॅटिक वीज साठते आणि मग नोझलला हात लावताना ठिणगी पडते असेच प्रकार जास्त. म्हणजे लावलेलं कारण चूक. पण पेट्रोल भरणाऱ्या कामगारानी फोनवर बोलत नोझल धरावं का, तर नाहीच, लक्ष पाहिजे. नियम ठेवा, कारण बदला. असं पण होतं.

काही ठिकाणी दोन्हीकडून बोलता येतं. इंग्लंडमध्ये २००७ साली सरकारी आरोग्य खात्यानी दवाखान्यांतल्या लोकांना कोपराच्या खाली काही नको असं सांगितलं, लांब बाहीचा पांढरा कोट गेला, घड्याळ गेलं, पेशंट तपासताना टायही नको. कोपरापर्यंत मोकळा हात नीट धुता येतो हे बरोबर, पण त्यानी इन्फेक्शन खरंच किती कमी होतं याचा पुरावा तसा तुटपुंजा होता आणि डॉक्टर लोक त्यावरून बरेच वाद घालत राहिले. मी असतो तर पाळला असता, किंमत फार नाही, झाला तर फायदाच. पुरावा कच्चा आणि त्रासही कमी असेल तर मी वाद घालत नाही, ज्या नियमाला पुरावा नाही आणि रोजचा त्रास मोठा आहे त्याच्यासाठी ताकद राखून ठेवतो.

नियमामुळे लोक काय करायला लागलेत

हे बघायला आठवडा पुरे, फक्त डोळे उघडे ठेवा. एका ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचे. तिसऱ्या दिवशी आमचा एक सहकारी बारा मिनिटं उशिरा गेटवर पोचला, घड्याळ बघितलं, आणि शांतपणे परत फिरला. दुपारी आला. विचारलं तर म्हणे अर्धा दिवस कापणारच आहेत, मग फुकट कशाला काम करू? त्याचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. कंपनीला बारा मिनिटं वाचवायची होती, गेले चार तास.

दंड लावला की तो दर होऊन बसतो. याच्यावर एक गाजलेला अभ्यास आहे, इस्रायलमधल्या हैफाच्या १० पाळणाघरांत केलेला, २००० साली छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळपास दुप्पट झाले, आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे भरतोय ना. आणि दंड बंद केल्यावरही लोक सुधारले नाहीत.

तर बघा, तुमच्या नियमामुळे लोक खोटं लिहितात का, कामाऐवजी आकडा सांभाळतात का. कॉल सेंटरमध्ये कॉल इतक्या मिनिटांत संपवा म्हटलं की कॉल "कट" होतात, ग्राहक परत फोन करतो, त्याचा आणखी एक कॉल मोजला जातो, सगळे खूश. असा नियम बाहेरून कितीही समजूतदार दिसू दे, तो गेलेलाच बरा.

अजून एक खूण, थोडी खडूस आहे पण चालते. नियम वरच्यांना लागू आहे का? कारखान्यात हेल्मेट घालायचं तर एमडी पण घालतो, कारण लोखंडाला हुद्दा कळत नाही. कपड्यांचा, वेळेचा, लिफ्टचा नियम फक्त खालच्यांना असेल तर तो बहुतेक हुद्दा दाखवायलाच केलेला असतो. कपड्यांवरून आठवलं, जनरल मोटर्स या गाड्यांच्या कंपनीत मेरी बारा नावाच्या बाई एचआर बघत होत्या तेव्हा त्यांनी दहा पानी ड्रेस कोड काढून दोन शब्द ठेवले, साधारण "शोभेल असं घाला" या अर्थाचे. मॅनेजर लोकच गांगरले म्हणे, कारण आता शोभेल म्हणजे काय ते टीमशी बोलून ठरवावं लागणार होतं.

काही नियम कायद्यातच बसत नाहीत

हे थोडक्यात सांगतो कारण देशागणिक बदलतं आणि तुम्हाला तुमच्या इथलं बघावं लागेल. पगार कोणाला सांगायचा नाही, हा नियम लोक निमूट पाळतात. अमेरिकेत खाजगी नोकरीतल्या बहुतेक कामगारांना १९३५ च्या कायद्यानी आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क आहे, आणि ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार, भेदभाव होतोय का हे शोधायला पगाराची चर्चा केली तर असली अट लागू करता येत नाही. बायकांनी उंच टाचांचे बूटच घालायचे, हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१७ पासून सक्तीचं करता येत नाही. आणि घरात डोकावणारे नियम तर नवे नाहीतच, हेन्री फोर्डनी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर द्यायला सुरुवात केली तेव्हा कामगार दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का हे बघायला घरी इन्स्पेक्टर पाठवायचे, त्यावर पूर्ण पगार ठरायचा. आज सोशल मीडिया बघतात. बाथरूमला किती वेळा जायचं ते मोजणारा नियम असेल तर तो वाद शिष्टाचाराचा नाही, तब्येतीचा आहे, सरळ लेखी तक्रार करा.

विचारायचं कसं

"हा नियम का आहे?" असं विचारू नका. याला उत्तर येतं "पॉलिसी आहे" आणि समोरचा सावध होतो. "हा नियम आला तेव्हा काय झालं होतं?" असं विचारा. लोकांना गोष्ट सांगायला आवडते. आणि साहेबांना नंतर विचारा, आधी स्टोअरवाला, मेंटेनन्सवाला, रिसेप्शनला वीस वर्षं बसलेल्या मॅडम, ज्यांची नोकरी नियमापेक्षा जुनी आहे अशी माणसं गाठा.

कारण मेलेलं निघालं तर नियम मोडून दाखवू नका. मोडलात की विषय नियमाचा राहत नाही, तुमचा होतो. एक छोटा मेल टाका, चार ओळींचा. नियम काय, तो कशासाठी आला होता, आता परिस्थिती काय, आणि महिनाभर बंद ठेवून बघू का, काही बिघडलं तर परत लावू. "रद्द करा" म्हटलं की कोणालातरी सही करायची भीती वाटते, "महिनाभर बघू" ला कोणी फारसं अडत नाही. सेफ्टीच्या नियमाला मात्र ही युक्ती अजिबात वापरायची नाही, तिथे सेफ्टी ऑफिसरकडून लेखी आल्याशिवाय एक दिवसही नाही.

आमच्या आत्ताच्या ऑफिसात प्रिंटरच्या वर लॅमिनेट केलेला कागद होता, शुक्रवारी दुपारी चारनंतर प्रिंटर वापरू नये. सगळे पाळायचे, कोणाला कारण माहीत नव्हतं, एकानी तर शाईचा खर्च वाचवायला असेल असं छातीठोकपणे सांगितलं. मेंटेनन्सवाल्या काकांना विचारलं, काय झालं होतं हो? काका खुर्ची ओढून बसलेच. प्रिंटर लेझर, आणि तो कोणीतरी सर्व्हरच्याच यूपीएसवर जोडलेला. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम खूप करंट ओढतो. शुक्रवारी चारला बॅकअप चालू व्हायचा, त्याच वेळी कोणीतरी भलीमोठी फाईल प्रिंटला टाकली, यूपीएस ओरडला आणि बसला, बॅकअप अर्धवट, सोमवारी बोंबाबोंब. तेव्हाच्या आयटीवाल्यानी वायर बदलायच्या ऐवजी कागद लावला. पुढे यूपीएस बदलला, प्रिंटर भिंतीतल्या वेगळ्या लाईनवर गेला, बॅकअप रात्री दोनला क्लाउडवर जायला लागला. कागद राहिला.

चार ओळींचा मेल टाकला, अ‍ॅडमिनचं उत्तर एका शब्दाचं आलं, काढा. कागद काढला तर चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही पोपडा होऊन निघाला. पुढच्या आठवड्यात तिथे नवीन कागद लागला, तोही लॅमिनेट केलेला: भिंतीवर काहीही चिकटवू नये.